दुसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य

मालू,

तुझ्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी वसंतराव चाकणला माझ्या खोलीवर आले. तुझे यजमान एस.टी.ने एवढ्या लांब एकटे आले, याचंच मला नवल वाटलं. तू असताना आम्ही दोघं कधी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. खुर्चीच्या कडेवर बसले, मी दिलेलं पाणी प्यायले आणि पिशवीतून छापलेल्या सुट्या पानांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. तुझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. शिक्षक व्हायला निघालेली मुलं-मुली ते वापरतात, पहिल्या प्रती संपल्या. "सुरुवातीला तुमचे दोन शब्द हवेत, सुमतीबाई," ते म्हणाले. "तिच्याविषयी. तुमच्याइतकं तिला कोण ओळखत होतं?" मग दारात चपला घालताना वळून म्हणाले, "बाकी पुस्तकात मात्र काही बदल नको. तिच्या हातचं आहे, जसंच्या तसं राहू द्या."

मी मान हलवली. नुकती बायको गेलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही.

तेव्हापासून रोज शाळा सुटली की लिहायला बसते. 'कै. मालतीबाई म्हणजे' एवढं लिहिते आणि थांबते. तुझ्या कॉलेजातल्या शोकसभेत लोक किती भरभरून बोलले! व्यासंगी, करारी, विद्यार्थिनींची आई. सगळं खरंच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि माझ्या डोक्यात तुझ्या दुसऱ्या प्रकरणातलं एकच वाक्य फिरत होतं. मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसलाय असं सांगितलं. घसा ठणठणीत होता. मला तुझा राग आला होता, आणि मेलेल्या बाईवर चारचौघांत रागावता येत नाही. म्हणून इथे रागावते आहे. हे काही वसंतरावांना द्यायचं नाही, तुझं माझं आहे.

कसं सुरू झालं ते आठवतं का तुला? ट्रेनिंगला आपण एका खोलीत होतो. तुझा कंगवा मी वापरायची आणि माझी शाई तू. मग तू पुढे शिकलीस, तुला चिंचवडला दिली, तिथून जवळच्याच ट्रेनिंग कॉलेजात तुला नोकरीही लागली. मी इंटरपर्यंत कशीबशी पोचले, वडील गेले, आई आणि घर गळ्यात पडलं आणि चाकणपासून दोन मैलांवरच्या गावात चार इयत्तांची एकटी बाई होऊन बसले. तुला हेवा करावा असं माझ्यात काही नव्हतं, आणि मी तुझा केला नाही असंही नाही. एका रविवारी तू सांगितलंस की आता मोठी परीक्षा देतेस, प्रबंध लिहायचा आहे. विषय काय, तर खेड्यातली मुलं शाळेत मागे का पडतात. विषय माझ्या दारातला होता. तू त्या दारापर्यंत कधी आली नाहीस, ते सोड.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, त्या विषयावर आधी कोण काय म्हणून गेलं याचा आढावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या ग्रंथालयात बसून मानसशास्त्राची इंग्रजी मासिकं उपसायला हवीत. तुला शनिवारी दुपारी मुलींचे पाठ तपासायचे असत आणि रविवारी घर असे. माझी शाळा शनिवारी सकाळची. तेव्हा आपला करार झाला, मी वाचायचं आणि तू लिहायचं. "माझं झालं की तुझं, सुमे," तू म्हणालीस. "तू बी.ए. हो, मग तुझ्यासाठी मी ग्रंथालयात बसेन." हे तू अगदी मनापासून म्हणालीस. तू खोटं बोललीस असं मी आजही म्हणणार नाही. फक्त तुझं झालं, आणि मग त्याबद्दल कुणी बोललं नाही.

दोन वर्षं मी शनिवारी दुपारची गाडी धरली. शनिवारी चाकणचा बाजार, गाडीत माणसांपेक्षा कांद्याची पोती जास्त. अंगाला कांद्याचा वास घेऊन मी ग्रंथालयात शिरायची आणि शेजारचे विद्वान खुर्ची जरा सरकवून घ्यायचे. एका हाताशी शब्दकोश, एका हाताशी मासिक. एक पान वाचायला मला अर्धा तास लागायचा. पण काय सांगू, मालू, त्या खुर्चीत मी जेवढी सुखी होते तेवढी नंतर कुठे झाले नाही. हे तुझ्यामुळे मिळालं. तू करार केला नसतास तर ग्रंथालयाची पायरी मला कुणी चढू दिली असती?

टिपणांसाठी कार्डं तूच पुरवायचीस. तुझ्या सासरी लग्नपत्रिकांना तोटा नव्हता, त्यांच्या कोऱ्या पाठी कापून तू गठ्ठे करायचीस. एका बाजूला बुद्धिमापन आणि उलटं केलं की कुणाचा तरी शुभविवाह. माझी लिहायची रीत तुला माहीत होती. एका लेखाला दोन कार्डं. पहिल्यावर पूर्वपक्ष, म्हणजे लेखक ज्यांच्याशी भांडायला निघालाय त्यांचं म्हणणं. दुसऱ्यावर लेखकाचं स्वतःचं म्हणणं आणि त्याला ते कशावरून कळलं ते. ही माझ्या वडिलांची शिकवण. त्यांनी उमेदीत चार वर्षं पाठशाळेत काढली होती. ते म्हणायचे, ज्याचं खोडायचं त्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखव, मगच तोंड उघड. तू हसायचीस. "अगं, सरळ निष्कर्ष लिही ना. एवढं पाल्हाळ कशाला?" मी ऐकलं नाही. दोन्ही कार्डं दोऱ्याने बांधून तुला आणून द्यायची.

आणि रविवारी तुझ्या स्वयंपाकघरात जेवणं आटोपली की तू ती फरशीवर मांडायचीस. तिथे मात्र मी तुझ्यापुढे हात जोडले. मी नुसती हमाल होते, ओझी आणून टाकणारी. तू त्यातून बोलणं उभं करायचीस. "आढावा म्हणजे यादी नव्हे गं," तू म्हणायचीस, "पंगत आहे. कुणाशेजारी कुणाला बसवलं तर जुंपेल, हे यजमानिणीला कळायला हवं." मग दोन कार्डं शेजारी ठेवायचीस आणि मला खरंच त्यांचं भांडण ऐकू यायचं. मी महिनाभर वाचलेलं मला पहिल्यांदा तिथे समजायचं. तुझ्या सासूबाई दारातून डोकावून म्हणायच्या, "झाला का पोरींनो तुमचा पत्त्यांचा डाव?" आपण दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. तीस वर्षं ओलांडलेल्या दोन बायका!

आता त्या कार्डाकडे येते. येणं भाग आहे.

एका परदेशी मासिकातला तो लांबलचक लेख होता. लेखकाने सुरुवातीची कितीतरी पानं दुसऱ्यांचं मत मांडण्यात घालवली होती. खेड्यातल्या मुलांची बुद्धी शब्दांच्या कामात उपजतच कमी पडते, त्यांच्यावर पुस्तकांचा भार टाकू नये, हाताचं काम शिकवावं, वगैरे. मी पहिलं कार्ड पूर्ण केलं आणि शिपायाने ग्रंथालय बंद व्हायची घंटा दिली. कार्डाच्या कोपऱ्यात मी 'पुढे पाहा' लिहिलं आणि ते एकटंच, बिनदोऱ्याचं, तुला देऊन आले. पुढच्या शनिवारी आईला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी शाळेची तपासणी. तिसऱ्या शनिवारी जाऊन मी उरलेला लेख वाचला. लेखकाने ते सगळं मत मुळापासून उखडून टाकलं होतं. कसोटीतले प्रश्न शहरातल्या घरांतून आलेले आहेत, ते मुलांच्या घरच्या जगण्यातून आणि घरच्या बोलीत विचारा, मग बघा, असं त्याचं म्हणणं. मी दुसरं कार्ड लिहिलं आणि माझ्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, की पुढच्या भेटीत देईन. त्या भेटीत तू सांगितलंस की प्रबंध टंकायला गेलासुद्धा, तारीख जवळ आली होती. मला वाटलं, तो लेख तू गाळला असशील. विचारायचं माझ्या मनात आलं नाही. तू त्या दिवशी फार खुशीत होतीस, श्रीखंड केलं होतंस.

वर्षभराने त्याचं पुस्तक झालं आणि पहिली प्रत तू मला दिलीस. मी ती गाडीतच उघडली. आधी ऋणनिर्देश पाहिला, खोटं कशाला बोलू. 'कार्डे उतरवून देण्याचे काम माझी मैत्रीण हिने आनंदाने केले.' उतरवून देण्याचे. जसा काही फळ्यावरचा सुविचार उतरवला होता. आणि मैत्रिणीला नावही नाही. पण तो डंख मी गिळला असता. दुसरं प्रकरण काढलं आणि चौथ्या पानावर ते वाक्य दिसलं. त्या लेखकाचं नाव घेऊन तू लिहिलं होतंस की, 'ग्रामीण बालकांची शाब्दिक कुवत उपजतच मर्यादित असल्याने त्यांना पुस्तकी शिक्षणापेक्षा हस्तव्यवसाय हितावह होय, असे त्यांनी दाखवून दिले आहे.' बिचाऱ्याने आयुष्य ज्या मताशी भांडण्यात घालवलं, तेच तू त्याच्या तोंडी घातलंस. माझाच पूर्वपक्ष होता तो. मी तो इतका नेटका मांडला होता की तुला तो सिद्धांत वाटला.

तेव्हाच बोलायला हवं होतं, मालू. हा माझा गुन्हा. मी म्हटलं, मराठीतलं पुस्तक, त्यातलं दुसरं प्रकरण, ते कोण वाचतंय! तुझा सत्कार व्हायचा होता, त्यात मी कुठे मिठाचा खडा टाकू? गप्प बसले.

पण शिक्षणखात्यातल्या एका वरच्या साहेबांनी ते वाचलं. नेमकं तेच पान वाचलं. आमच्या भागातल्या काही शाळांत हुकूम आला की तिसरीच्या शेवटी मुलांची बुद्धीची कसोटी घ्या, खाली येतील त्यांना चौथीच्या पुस्तकांऐवजी दिवसभर टकळीवर सूत कातायला आणि वाखाचे दोर वळायला बसवा. हुकुमाच्या खाली आधार म्हणून तुझं पुस्तक, पान नंबरासकट.

माझ्या वर्गात हिरा नावाची मुलगी होती. तू तिला पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. काळीसावळी, किडकिडीत, बोलायला चटपटीत. कसोटी घ्यायला पुण्याहून एक तरुण आला होता. त्याने विचारलं, "घराला आग लागली तर तू प्रथम काय करशील?" हिरा क्षणभरही थांबली नाही. "आदी दावणीची गुरं सोडीन," ती म्हणाली. त्याच्या कागदावर उत्तर होतं, आगीच्या बंबाला कळवीन. आमच्या गावात बंब! हिराला त्या प्रश्नाला शून्य मिळालं. असे बरेच प्रश्न होते. मी मधे बोलले तर तो म्हणाला, "बाई, कसोटीत शिक्षकांनी बोलायचं नसतं."

हिरा टकळीवर गेली. चार दिवसांनी तिची आई शाळेच्या दारात उभी. आत ये म्हटलं तर येईना. "बाई, माजी पोर येडी हाय का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही हो."

"मंग? आमच्या आळीतल्या समद्यांची पत्रं तीच वाचून दावती. आन् तुमी म्हंता, तिला पुस्तक झेपायचं न्हाई! पिंप्रीला त्यो औशिदाचा कारखाना झालाय, तिथं बायांनाबी घेत्यात म्हनं. पन चवथी पास लागती. दोरावाल्या पोरांस्नी चवथीचा दाखला घावंल का?"

"नाही," मी म्हटलं.

"व्हय ना? मंग तिला हितं बशिवन्यापरीस कांदा निवडाय धाडते की." एवढं बोलून ती गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी साहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते खालच्या अधिकाऱ्याकडून. मान्यता पावलेल्या ग्रंथावर प्राथमिक शिक्षिकेने मत देण्याचे कारण नाही. म्हणजे माझ्या बोलण्याला किंमत नव्हती, तुझ्या सहीला होती. म्हणून त्या रविवारी चिंचवडला तुझ्याकडे आले. दुसरं कार्डही बरोबर आणलं होतं. तू भाकरी थापत होतीस. कार्ड वाचलंस आणि तुझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं.

"वाक्य चुकलंय, कबूल," तू म्हणालीस. "साहेबांना लिहिते. पुढच्या आवृत्तीत बदलते."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "काय लिहिशील?"

"नजरचुकीने झालं असं लिहीन."

"नजर होती कुठे तुझी? तू तो लेख डोळ्यांनी पाहिलासच नाहीस. मूळ लेख मी स्वतः वाचलेला नाही, असं लिही."

"ते नाही लिहिणार."

"का?"

"सुमे, दर वर्षी वर्गात मी पोरींना बजावते की मूळ वाचल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नका. आता त्यांच्यापुढे उभी कशी राहू?"

"मी हिराच्या आईपुढे उभी राहिले तशी."

तुझे डोळे भरले, पण आवाज चढला. "कार्ड तुझं होतं."

"त्यावर 'पुढे पाहा' लिहिलं होतं."

"आणि पुढचं होतं कुठे? तुझ्या डब्यात!"

"मग मागायचं होतंस!"

सासूबाई दारात आल्या. मग तू अगदी हळू म्हणालीस, "ती एक ओळ सोडून काहीही लिहून देते. आत्ता देते." आणि मी म्हटलं, "मग काहीच नको." उठले आणि निघाले. तू ओसरीपर्यंत आलीस, शेवटच्या पायरीशी उभी राहिलीस. मी वळून पाहिलं नाही. कासारवाडीपर्यंत रुळाच्या कडेने चालत गेले, रागाच्या भरात मधलं पिंपरी स्टेशन कधी मागे पडलं तेही कळलं नाही.

त्यावर दीड वर्ष गेलं. दिवाळीला तुझं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. संक्रांतीला तिळगूळ आला, तो शाळेत वाटून टाकला. मी मनाशी म्हणायची की हे मी हिरासाठी करते आहे. तिच्या बाजूने कोणीतरी ताठ उभं राहायला नको? हिराला माझ्या ताठपणाचा काय उपयोग होत होता, हे मी स्वतःला विचारलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ती टकळीवर येत राहिली, नंतर शाळेत आलीच नाही. बाजाराच्या दिवशी दिसते कधी कधी, आईशेजारी बसून कांदे निवडताना. मला पाहिलं की तोंड फिरवते. पूर्वी हाक मारायची, "बाई!"

तुला कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा मी आले. लोक म्हणाले, सगळं विसरून भेटायला गेली. विसरून कसली! पिशवीत मजकूर लिहून आणला होता, साहेबांच्या नावाने, तुझ्या तर्फेने, खाली सहीपुरती जागा सोडून. वाक्य कसं चुकलं, खरं काय होतं, मुलांना पुन्हा चौथीत बसवावं, आणि शेवटून दुसरी ती ओळ. तू भिंतीला टेकून बसली होतीस. डोळे हळदीसारखे पिवळे. तुझ्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरत होती. उसाचा रस पुढे केलास, "घे गं, मला गिळवत नाही." मी घेतला. आणि घोटभर पिऊन, लाज नसलेल्या माणसाप्रमाणे, तो कागद काढला.

"ती ओळ आहे का त्यात?" तू विचारलंस.

"आहे."

"ठेव तिथे," म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मी कागद उशाशी ठेवला. थोडा वेळ बसले. तुझ्या पावलांवर हात ठेवावासा वाटला होता. ठेवला नाही. परत येते म्हणाले आणि महिनाभर आले नाही. शाळा होती, पाऊस होता, गाडी नव्हती, कारणं पुष्कळ सापडली. खरं कारण एवढंच की तू बोलावशील अशी मी वाट पाहत होते. मग निरोप आला तो तू गेल्याचा.

हे सगळं मनात घेऊन 'दोन शब्द' कसे लिहायचे? काल रविवार होता. सुट्या पानांचा तो गठ्ठा घेऊन मी चिंचवडला गेले आणि वसंतरावांना स्पष्ट सांगितलं की चौथ्या पानावरचं वाक्य जाणार असेल तर लिहिते, नाहीतर नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. एवढा सौम्य माणूस, पण बोलायचं तेवढं बोलले. "सुमतीबाई, ती अंथरुणावर होती तेव्हा तुम्ही तिला छळलंत. आता ती नाही तरी तुमचं भागत नाही?" मी म्हटलं, "नाही भागत." ते आत गेले. मला वाटलं, आता मला घालवून देणार. बाहेर आले ते एक घडी घातलेला कागद घेऊन.

माझाच मजकूर होता. "तुम्ही येऊन गेलात त्या संध्याकाळी तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं," ते म्हणाले. "लिहायला मी पाट धरला. म्हणाली, सुमी परत येईल, तिलाच द्या, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. रोज विचारायची, सुमी आली का. तुम्ही आलाच नाहीत. मग मलाही तुमचा राग आला, म्हणून चाकणला आलो तेव्हा हा कागद घरीच ठेवला."

मी घडी उघडली. खाली तुझी सही. अक्षर वेडंवाकडं, पण सही पूर्ण. माझ्या मराठीत दोन ठिकाणी दुरुस्त्या, मरायला टेकलीस तरी तुझ्यातली मास्तरीण जाईना. आणि शेवटून दुसरी ओळ खोडलेली. एकदा नव्हे, तीनदा, कागद फाटेपर्यंत. बाकी सगळं कबूल, तेवढं मात्र नाही.

ती खोडलेली ओळ पाहून मला आधी संताप आला, हे तुझ्यापासून लपवत नाही. म्हटलं, बघा, शेवटपर्यंत हिने ते कबूल केलं नाही ते नाहीच. आणि मग मी वसंतरावांच्या समोर, परक्या पुरुषासमोर, हमसून रडले. ते पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "हे छापायचं का? हेही तिच्याच हातचं आहे." मी हो म्हटलं. पहिल्याच पानावर छापणार आहेत, तू खोडलंस तेवढं वगळून. साहेबांना मूळ कागद आज सकाळी मी स्वतः टपालाने पाठवला. ती ओळ काही मी परत घातली नाही. घालायचा मोह झाला नाही म्हणाले तर तू वर हसशील. 'दोन शब्द' मात्र देणार आहे. त्यात लिहीन की ते कार्ड माझं होतं आणि पुढचं मी वेळेवर दिलं नाही. माझं नावही घालणार आहे, सुमती, तू घातलं नव्हतंस ते.

तू लेख वाचला नाहीस हे खरं आहे, मालू, आणि ते मी मरेपर्यंत खरंच म्हणेन. पण काल तुझ्या ओसरीवर बसून जो कागद मी दोन हातांनी छातीशी धरला, तोच, अगदी तेवढाच, तू मला दीड वर्षापूर्वी चुलीपुढे बसून देत होतीस. आत्ता देते म्हणालीस. मी नको म्हटलं. हिरा तेव्हा शाळेत येत होती.